जर्मनचं पातेलं

शिरगणतीची पोरगी दारात उभी.
काखेत पिशवी, हातात कागद, एका चपलेचा अंगठा तुटलेला.
"धर्म यावुदु, अव्वा?"
ज्यू, म्हटलं.
तिनं जैन लिहिलं.
जैन नव्हं गं बाई, ज्यू.
तिनं खाडाखोड केली
आणि तरी विचारलंच,
म्हणजे दिवस बुडल्यावर जेवता की नाही तुम्ही?

निपाणीत हे असंच.

बाप व्हिएन्नाचा. वखारीत तंबाखूची प्रत पारखायचा.
पान कानाशी नेऊन चुरगाळायचा
आणि आवाजावरून सांगायचा,
वळीव कुठल्या आठवड्यात येऊन गेला.
हमालांच्या तोंडी रोझनरसाहेबाचा रोजनेरसाब झाला,
वखारीच्या वहीत रोजणेकर.
जणू चिकोडीच्या पलीकडं कुठंतरी
रोजणे नावाचं गाव आहे,
आणि तिथं आमची चार एकर पड जमीन.

मास्तरांनी हान्सचा हणमंत केला.
शनिवारी शाळेच्या मारुतीला नारळ फोडायचा मान त्याचा.
त्याच शनिवारी बाप
काडीसुद्धा न ओढता खुर्चीत बसून असे,
आणि हणमंत खिशातून खोबरं काढून
त्याच्या तळहातावर ठेवी.
बाप खाई.

शुक्रवारी आई दोन दिवे लावायची.
गंगव्वानं कुंपणावरून विचारलं, लक्ष्मीचे काय?
आईला तेवढं मराठी येत नव्हतं, तिनं मान हलवली.
पुढल्या शुक्रवारपासून गंगव्वा
हळद-कुंकू घेऊन येऊ लागली.
आईचं कपाळ पुसायचं कुणी? राहिलं.

लढाईत बापाला पुरंदरावर कोंडलं होतं, जर्मन म्हणून.
ज्यांच्या भीतीनं घर सोडलं
त्यांच्याच पंगतीत बसवलं, पत्रावळीला पत्रावळ लावून.
सुटला तेव्हा भाषा गडावरच ठेवून आला.
आईनंही आपली कुठंतरी मिटली.
मी नंतर जन्मले. मला जर्मन म्हणजे
बाजारात वजनावर मिळणारं पातेलं.
पोरं चिडवत, तुझा बा जर्मनचा!
मी सांगायची, न्हाई, आमच्यात पितळेचं वापरतात.

"मातृभाषे?"

कुंपणापलीकडून सदू पाटील ओरडला,
मराठी सांग लिलीअक्का!
एकेक डोकं मोजाय लागल्यात!
पोरगी कागदात बघत राहिली.
इतका वेळ मी तिच्याशी कन्नडच बोलत होते.
नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं
वजाबाकी शिकवली त्या भाषेत,
हातचा मागायला मला अजून तीच येते.
भांडायला मराठी.

शेवटी गडहिंग्लजच्या दवाखान्यात
आई तापात बोलू लागली.
भराभर, नीट, कुणाशी तरी वाद घालावा तशी.
मधेच हसली.
चार दिवस. मला एक अक्षर कळलं नाही.
नर्सनं विचारलं, काय म्हणतायत आजी?
मी म्हटलं, पाणी मागतेय.
चमच्यानं पाजलं.
ती पाणी प्याली, माझ्याकडं बघितलं
आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाली,
सावकाश, शब्द सुटे करून,
परक्याला सांगावं तसं.

हणमंत आता हैफात असतो.
फोनवर निपाणीच्या शिव्या देतो, पोटभर.
मागं त्याची नातवंडं हसतात.
शिव्या कळतात म्हणून नव्हे,
म्हातारा कसले आवाज काढतो म्हणून.

पोरगी म्हणाली,
ही चौकट रिकामी सोडता येत नाही, अव्वा.
एकच लिहायचं असतं.
ऊन वाढलं होतं. म्हटलं, आत ये.
पोचे आलेलं जर्मनचं पातेलं गॅसवर ठेवलं,
पाणी घातलं, आलं ठेचलं.
एष्टु सक्करे, मी विचारलं.
तिनं पेनाचं टोपण लावलं, कागद उलटा ठेवला.
"कमीच घाला," ती मराठीत म्हणाली,
"आमच्या आईसारखा."